माझ्या आईची मैत्रीण

नांदेडला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी ती माझ्या शेजारी येऊन बसली, कारण बाकीचे बाक भरले होते. लातूरच्या हाडांच्या डॉक्टरांची मुलगी. त्यांचा स्वतःचा तीन मजली दवाखाना होता आणि सगळ्यात वरच्या मजल्यावर घर. मेडिकलची प्रवेश परीक्षा दोनदा देऊन ती दोन्ही वेळा आपटली होती. लातुरात भाजीवालीसुद्धा पोरांचे मार्क विचारते, त्यामुळे तिला तिथे तोंड दाखवायचं नव्हतं. म्हणून ती नांदेडला आत्याच्या बंगल्यात राहायला आली होती. हे सगळं तिने मला पहिल्याच आठवड्यात कॅन्टीनमध्ये समोसा खाता खाता हसत सांगितलं.

ती परीक्षा मी एकदाच दिली होती आणि थोडक्यात हुकले होते. माझे वडील भोकरच्या एसटी डेपोत मेकॅनिक, आई अंगणवाडीत मदतनीस. निकाल लागला त्या दिवशी वडील म्हणाले, बी.एस्सी. करू, तेपण चांगलं असतं. दुसऱ्यांदा बसायचं का, हे आमच्या घरात कुणी विचारलंच नाही. मीसुद्धा नाही. त्यामुळे ती दोनदा नापास झाल्याची गोष्ट रंगवून सांगत होती तेव्हा मला तिच्या बंगल्याचा किंवा कपड्यांचा नाही, त्या 'दोनदा'चा हेवा वाटला. हरायला इतकी जागा असते एखाद्याला, असं वाटलं.

तीन वर्षं आम्ही एका बाकावर काढली. मी रोज भोकरहून ये-जा करायचे, कधी रेल्वेने, कधी एसटीने. ती वर्गात असली की मला बरं वाटायचं आणि नसली की थोडं जास्त बरं वाटायचं. तिच्यात वाईट असं काहीच नव्हतं, हीच माझी अडचण होती. वह्या द्यायची, डबा वाटून खायची, माझ्या बोलण्याला हसली तर मनापासून हसायची. पण तिला कंटाळा यायचा. भौतिकशास्त्राच्या तासाला ती म्हणायची, "मला नाही आवडत हे," आणि खरंच वही मिटून बाहेर जायची. मला तो विषय तिच्याइतकाच नावडता होता. मी बसून राहायचे आणि फळ्यावरचं उतरवून घ्यायचे. परीक्षेत मला तिच्यापेक्षा कितीतरी जास्त मार्क पडायचे. ती माझं अभिनंदन करायची तेव्हा तिच्या तोंडावर हेव्याचा मागमूस नसायचा. मी तो शोधायचे. दिसला असता तर आमची बरोबरी झाली असती.

दुसऱ्या वर्षी एका शनिवारी ती आमच्या घरी यायचं म्हणून हटून बसली. मी बरेच दिवस टाळलं होतं. आमचं घर म्हणजे दोन खोल्या, पुढे पत्र्याचा ओटा, आत भिंतीवर बुद्धाची तसबीर. आजूबाजूला सगळी आमच्याच लोकांची घरं. आईने शेजारच्यांकडून प्लास्टिकच्या खुर्च्या आणून ठेवल्या होत्या आणि सकाळपासून धपाट्यांचं पीठ मळून ठेवलं होतं.

आमच्या घरी पहिल्यांदा येणारा माणूस पाणी कसं पितो, याकडे आईचं बारीक लक्ष असतं. ती ते कधी बोलून दाखवत नाही. काही लोक म्हणतात, आत्ताच प्यालो. काही लोक पेला हातात घेऊन गप्पा मारतात आणि भरलेलाच खाली ठेवतात. ती आत आली, ऊन लागलंय म्हणाली, आणि आईने पाणी द्यायच्या आधीच माठापाशी जाऊन वरचा पेला बुडवून प्यायली. मग दुसरा पेला भरून घेतला. मी आईकडे बघत होते. आईचा सगळा चेहरा सैल झाला. तिने खुर्ची पुढे केली तर ही खुर्चीवर बसलीच नाही, चुलीजवळ मांडी घालून बसली आणि धपाटे थापायला लागली. तिचे धपाटे हातातच फाटत होते आणि आई हसत होती. आईला इतकं हसताना मी फार वेळा पाहिलं नव्हतं.

मी दही आणायला गेले. परत आले तर घराला कडी. शेजारणीने सांगितलं, दोघी अंगणवाडीत गेल्यात. मी दह्याचा डबा घेऊन तशीच तिकडे गेले. आई खिचडी वाढत होती आणि ही पोरांच्या घोळक्यात बसून काहीतरी गाणं म्हणत होती. एका बारक्याने तिच्या मांडीवर ओलं केलं होतं, ती तशीच बसली होती. मला कॉलेजातले सगळे प्रसंग आठवतात त्याहून तो क्षण जास्त स्पष्ट आठवतो. मी त्या अंगणवाडीत लहानपणी बसलेली होते, पण मोठी झाल्यावर तिथे कधी पाय ठेवला नव्हता. मैत्रिणींना मी आईबद्दल सांगताना नुसतं "सरकारी काम करते" म्हणायचे.

ती गेल्यावर आई म्हणाली, "लई गुणाची पोरगी हाय."

त्यानंतर आई दर आठवड्याला तिची चौकशी करायची. मला आधी विचारायची, जेवलीस का, आणि लगेच, ती कशी हाय.

मग मीही लातूरला तिच्या घरी गेले. तिच्या आईने प्रेमाने बसवलं, ताटात चार पदार्थ वाढले. जेवता जेवता आडनाव विचारलं. मी सांगितलं. "हो का, छान," त्या म्हणाल्या, आणि त्यानंतर त्यांचं बोलणं आधीपेक्षाही गोड झालं. वाढताना आग्रह वाढला. वाईट वागणूक मिळाली असती तर घरी येऊन सांगता आलं असतं. या जास्तीच्या गोडव्याचं मी कुणाला काय सांगणार होते. मैत्रिणीच्या ते लक्षातही आलं नव्हतं. ती भाजीत मीठ कमी आहे म्हणून आईशी भांडत होती.

बी.एस्सी. झाली आणि आमच्या वाटा वेगळ्या झाल्या. ती एम.एस्सी.ला पुण्याला गेली, वर्षभराने सोडून आली. मग घरसजावटीचा कोर्स केला, तोही सोडला. मी भोकरला घरीच बसून बँकेच्या परीक्षांचा अभ्यास केला आणि धर्माबादला क्लार्क म्हणून लागले. तिथे अर्धं गिऱ्हाईक तेलुगू बोलतं. मिरचीच्या हंगामात बाजारातून तिखट धूळ येऊन आख्खी शाखा शिंकत असते. मी हळूहळू तेलुगू शिकले, खोली घेतली, जमेल त्या शनिवारी उमरीवरून भोकरला घरी जायला लागले.

नोकरीची बातमी सांगितली त्या दिवशीचं आईचं वागणं मी विसरू शकत नाही. तिने माझ्या तोंडात साखर घातली, मग ओट्यावर खाली बसली आणि म्हणाली, "सुटले बाई." वडिलांनी डेपोत पेढे वाटले. आई मात्र बराच वेळ तशीच बसून राहिली, एखादं जड गाठोडं डोक्यावरून उतरवल्यावर बाया बसतात तशी. मला वाटलं होतं ती हसेल.

मैत्रिणीचा आणि माझा फोन कमी कमी होत गेला. मी कामावर असायचे तेव्हा तिला वेळ असायचा आणि मला वेळ असायचा तेव्हा माझ्यात बोलायचं त्राण नसायचं. शिवाय ती दर वेळी काहीतरी नवीन सुरू करत असायची. मी काऊंटरवर पासबुक छापता छापता तिचं ऐकायचे आणि मनात म्हणायचे, हेही सोडशील. खरं सांगायचं तर मी त्या दिवसाची वाट बघायचे.

एका रविवारी मी घरी होते. आई मटार निवडत बसली होती आणि तिचा फोन वाजला. आई सूप बाजूला ठेवून, फोन घेऊन ओट्यावर गेली. मला वाटलं मावशीचा असेल. बाहेरून तिचं हसणं ऐकू आलं, मग कुठल्यातरी मालिकेतल्या सासूला शिव्या, मग कुणाच्या तरी रडक्या पोराबद्दल बोलणं. बराच वेळ. आत आल्यावर मी विचारलं, कोण होतं.

"तुझी मैत्रीण," आई म्हणाली. "दर ऐतवारी करती की. तुला ठाव न्हाई?"

मला ठाऊक नव्हतं. वर्षभरापासून चालू होतं ते. मी सगळेच रविवार घरी नसायचे, आणि असले तरी दुपारी झोपलेली असायचे. आईने लपवलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं इतकंच. पण मला असं वाटलं की माझ्या घरात माझ्या नकळत कुणीतरी राहायला आलंय. तिच्याकडे तीन मजले होते, दोन्ही वेळा नापास होण्याची सोय होती, पुणं होतं, सोडून दिलेलं सगळं होतं. माझ्याकडे दोन खोल्या आणि आई. त्यातलीही आई तिने घेतली, असं मला त्या दिवशी अगदी सरळ, एखाद्या लहान पोरीसारखं वाटलं.

काही महिन्यांनी कळलं की ती लातूरला लहान मुलांची शाळा काढतेय. वडिलांच्या दवाखान्यामागच्या जागेत. आई त्याला "तिची अंगणवाडी" म्हणायची. पोरं रडली तर काय करायचं, जेवायला कसं बसवायचं, पहिल्या आठवड्यात आयांना आत येऊ द्यायचं की नाही, हे सगळं ती आईला विचारत होती. आणि उद्घाटनाची फीत कापायला तिने आईलाच बोलावलं.

आईने नवीन साडी घेतली, जांभळ्या रंगाची. माझ्या नोकरीच्या वेळी घेतली नव्हती. वडिलांना ड्यूटी होती म्हणून मी सोबत गेले. नांदेडहून लातूरची एसटी पकडली. अहमदपूरपर्यंत आई खिडकीतून बाहेर बघत गाणी पुटपुटत होती, अंगणवाडीतली, पोरांची. तिथे म्हणायला सांगितलं तर तयारी असावी म्हणून. मी तिला म्हणाले, "आई, ती तुझा वापर करतीय. तुला कळतंय का?"

आई म्हणाली, "करू दी की." आणि परत पुटपुटायला लागली.

शाळा खरोखर चांगली होती. मला ती वाईट दिसावी अशी फार इच्छा होती, म्हणून मी नीट बघितली. भिंती साध्या रंगाच्या, खेळणी लाकडाची, संडासाच्या पायऱ्या पोरांना चढता येतील अशा. तिचे आईवडील, नातेवाईक, शहरातले डॉक्टर, त्यांच्या बायका असे सगळे जमले होते. तिने माइक घेतला आणि माझ्या आईची ओळख करून दिली. तेवीस-चोवीस वर्षं पोरं सांभाळणाऱ्या, माझ्या गुरू, असं म्हणाली. आईने फीत कापली. मग तिने खरंच एक गाणं म्हटलं आणि ती सगळी मंडळी, माझं आडनाव ऐकून गोड झालेल्या काकूसुद्धा, टाळ्यांचा ताल धरून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी लातूरच्या एका पेपरात आईचा फोटो आला. आमच्या घरातल्या कुणाचा पेपरात आलेला तो पहिला फोटो.

कार्यक्रम संपल्यावर लोक चहाकडे गेले आणि आम्ही दोघी एका वर्गात राहिलो. ती बारक्या बारक्या खुर्च्या ओळीत लावत होती.

मी म्हणाले, "आईला का बोलावलंस?"

"मग कुणाला बोलावू? वर्षभर त्यांनाच विचारत होते सगळं."

"फोटो छान येतो ना. डॉक्टरांच्या मुलीची शाळा आणि खेड्यातल्या मदतनीसबाई."

तिच्या हातातली खुर्ची हातातच राहिली. "तुला खरंच असं वाटतं?"

"हो."

मला वाटलं आता ती रडेल किंवा माझी समजूत काढेल. दोन्हीसाठी मी तयार होते. ती म्हणाली, "तुला वाटू दे. मी फोन थांबवणार नाही. त्या माझ्याशी बोलतात ते तुझ्यामार्फत बोलत नाहीत."

तिने खुर्ची खाली ठेवली, सरळ केली, आणि चहा घेऊ या म्हणाली. राग होता, पण आवाज चढला नव्हता. असं एखादं वाक्य मी आजवर कुणाला बोलू शकलेले नाही. बँकेत मॅनेजरला नाही, नात्यात कुणाला नाही. बोलायच्या आधीच पुढचं काय काय होईल ते माझ्या डोळ्यांसमोर येतं. ती बोलून मोकळी झाली, आणि भांडता भांडतासुद्धा मला तिचा हेवा वाटला.

परतीच्या एसटीत आई थकली होती, पण खुशीत होती. चाकूर मागे गेल्यावर ती स्वतःहून बोलली. आमचं बोलणं तिने ऐकलं होतं की माझ्या तोंडावरून ओळखलं होतं, मला माहीत नाही.

"तिचा फोन आला की मला कसं वाटतं, सांगू का," ती म्हणाली. "तिच्याकडून मला कायबी नको असतं. आन तिलाबी माझ्याकडून न्हाई. नुसतं बोलायचं. तुझ्याशी बोलायचं म्हणलं की मला आधी जुळवाजुळव करावी लागती. तू दमलेली असतीस. हे सांगू का ते सांगू, उगं पोरीला घोर कशाला."

"मग मी काय करू?"

"तू कशाला काय करतीस? तू लेक हायस."

मी खिडकीकडे तोंड केलं. आमच्यासारख्या घरात पोरगी शिकवायची म्हणजे आईबापाचा सगळा जीव त्या एका गोष्टीत अडकतो. माझ्या प्रत्येक निकालाला आईने श्वास रोखून धरला होता. मला यश मिळालं की ती सुटायची. हसायला ती कुठून उरणार. मैत्रिणीच्या हरण्याजिंकण्यात तिचं काहीच अडकलेलं नव्हतं, म्हणून तिच्या शाळेला ती जांभळी साडी नेसून मोकळी हसू शकत होती. हे मला त्या एसटीत कळलं. कळल्याने हेवा कमी झाला नाही. फक्त आता तो कशाचा आहे ते माहीत झालं.

पुढे दीड-दोन वर्षं आम्ही दोघी एकमेकींशी जेमतेम बोललो. रविवारी मी घरी असले आणि फोन वाजला की मी उठून कपडे वाळत घालायला जायचे. एकदा तिने थेट मलाच फोन केला, बँकेच्या वेळात. म्हणाली, "काकूंचे गुडघे फार दुखतात. जिना चढता येत नाही त्यांना. तुला सांगितलं नसेल."

सांगितलं नव्हतं. तिला सांगितलं होतं. पुढे ती म्हणाली, बाबा रोज असल्याच शस्त्रक्रिया करतात, लातूरला घेऊन ये, खर्चाचं काही बघावं लागणार नाही. मी "बघते" म्हणून फोन ठेवला आणि कॅश मोजणाऱ्या सहकाऱ्यावर विनाकारण डाफरले.

शनिवारी घरी जाऊन मी आईला विचारलं. मनात मी धरूनच चालले होते की तिला लातूरलाच जायचं असणार. मीच म्हणाले, "तिच्या वडिलांकडे करू या. चांगले डॉक्टर आहेत."

आई म्हणाली, "तिथं न्हाई जायचं."

"का?"

"तिथं गेले की मी तिची मैत्रीण राहत न्हाई. मग मी पेशंट. आन तिचा बाप उपकार करणारा." ती गुडघ्यावर तेल चोळत होती, चोळता चोळता सहज बोलल्यासारखं बोलली. "नांदेडात बघ कुठं तरी. तुझ्या बँकेचा विमा हाय ना?"

मी वर्षानुवर्षं समजत होते की आईला यातलं काही दिसत नाही, ती भोळेपणाने त्या पोरीवर जीव लावून बसलीय. तिला सगळं दिसत होतं. कुठपर्यंत जायचं आणि कुठे थांबायचं, हे तिने आधीच ठरवलं होतं, पहिला पेला बघितला तेव्हापासूनच कदाचित. मी मात्र तीन वर्षं शेजारी बसूनही ते अंतर कधी मापू शकले नव्हते. मी एकतर मैत्रिणीसारखी व्हायला बघायचे किंवा ती पडायची वाट बघायचे.

नांदेडला शस्त्रक्रिया झाली. बँकेचे कागद मी फिरवले, सही मी केली, दवाखान्यात उशाशी मी बसले. दुसऱ्या दिवशी ती लातूरहून आली. वडिलांकडे का आणलं नाही, असं तिने विचारलं नाही. आईने तिला फोनवर काय कारण सांगितलं, किंवा सांगितलं की नाही, ते मला आजही माहीत नाही. पलंगाच्या कडेला बसून ती शाळेतल्या पोरांच्या नकला करत होती आणि आई टाके दुखतात म्हणत हसत होती. मी डब्यातला भात कालवत होते.

नर्स आत आली. आईला उभं करून चार पावलं चालवायचं होतं, जवळच्या नातेवाइकाने कसं धरायचं ते दाखवायचं होतं. हसण्याबोलण्यावरून तिला वाटलं असणार, तिने मैत्रिणीलाच विचारलं, "मुलगी तुम्ही का?"

"नाही, ही," ती म्हणाली आणि उठून बाजूला झाली.

मी आईच्या काखेत हात घातला. तिचं सगळं वजन माझ्यावर आलं. ती कण्हली, माझ्यावर खेकसली, नीट धर म्हणाली. मैत्रीण भिंतीला टेकून बघत होती आणि काहीच करू शकत नव्हती. दिवसभर मला त्याचा आनंद होत राहिला, अगदी क्षुद्र आणि पोटभर आनंद.

संध्याकाळी ती जायला निघाली. दारापर्यंत गेल्यावर तिने मला विचारलं, तू झोपलीस का काल. मी म्हणाले, थोडी. ती म्हणाली, पुढच्या रविवारी येते, तेव्हा तू घरी जाऊन आंघोळ करून ये. मी हो म्हणाले. इतक्या दिवसांत आमच्यात झालेलं हे सगळ्यात लांब बोलणं होतं.

ती गेल्यावर आई उशीवर मान टेकून म्हणाली, "गाडी मिळाली का तिला, बघ."

"तिची स्वतःची गाडी आहे, आई. ड्रायव्हर आहे."

"तरी बघ की."

मी खिडकीपाशी गेले. खाली गेटातून पांढरी गाडी वळून रस्त्याला लागली होती.

"मिळाली," मी म्हणाले.